फायबर घेतलं आणि जुना फोन मुका झाला: घरातल्या लँडलाइनचा दोष शोधायचा कसा

तक्रार जवळपास नेहमी एकाच वाक्यात येते: ‘फोन चालत नाही.’ त्यावरून काहीच कळत नाही. फोन कोणत्या पद्धतीने चालत नाही, यावर दोष कुठे शोधायचा ते ठरतं. म्हणून हात लावण्याआधी पाच मिनिटं फोनशी खेळा आणि खालच्यापैकी आपलं काय आहे ते ओळखा.

– रिसीव्हर उचलला की अगदी शांत. फूंक मारली तरी कानात आपला श्वास ऐकू येत नाही.
– श्वास ऐकू येतो, पण डायल टोन नाही. (हा आणि वरचा प्रकार वेगळे आहेत. श्वास ऐकू येतोय म्हणजे फोनला वीज मिळतेय, तार शाबूत आहे.)
– डायल टोन आहे, पण बटणं दाबली तरी तो तुटत नाही.
– इथून फोन लागतो, बाहेरून आला तर रिंग वाजत नाही किंवा मेल्यासारखी वाजते.
– एक रिंग होऊन बंद. समोरच्याला वाटतं आपण फोन उचलून ठेवला.
– खरखर. जूनमध्ये सुरू होते, दिवाळीपर्यंत आपोआप जाते.
– खरखर नाही, पण ‘हूंऽऽ’ असा सततचा गुंजारव.
– लँडलाइन लागते, मोबाइल लागत नाही.
– वीज गेली की फोनही गेला.
– रिसीव्हर उचलला की सोसायटीच्या वॉचमनची केबिन लागते. हसू नका, घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये हे बऱ्याचदा होतं. कारण पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट आधी नक्की करा: लाइन तांब्याची आहे की फायबरची. तांब्याच्या जोडीवर एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांमधून साधारण ४८ व्होल्ट डीसी येतात, म्हणून घरातली वीज गेली तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही, नुसता उजेड येतो. ते ४८ व्होल्ट, डायल टोन आणि रिंगची वीज घरातला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतः बनवतो आणि ‘टेल’, ‘पॉट्स’ किंवा ‘फोन’ असं लिहिलेल्या छोट्या पोर्टवर देतो. थोडक्यात, तुमच्या घरात आता एक छोटं एक्सचेंज आहे. ते इवलंसं आहे, त्याची ताकद मोजकी आहे, आणि बाहेरून त्यावर उलटी वीज आलेली त्याला सोसत नाही.

खर्च शून्य, स्क्रू ड्रायव्हरही नको

घरातले सगळे रिसीव्हर नीट ठेवलेत ना, हे आधी बघा. बेडरूममधला, माळ्यावरचा, कपाटामागे गेलेला, सगळे. एक जरी रिसीव्हर तिरका राहिला तरी सगळी लाइन एंगेज होते.

फोनच्या बुडाशी किंवा कडेला ‘पी’ आणि ‘टी’ असा बारीक खटका असतो. पी म्हणजे पल्स, टी म्हणजे टोन. खटका पी वर असेल तर फोन जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करून नंबर पाठवतो, आणि बरेच ओएनटी ते समजत नाहीत. डायल टोन तुटत नाही या तक्रारीचं हे पहिलं कारण. झाडूपोछा करताना तो खटका सरकतो. शेजारीच रिंगरचा खटका असतो. तो ‘ऑफ’ वर गेला की ‘रिंग वाजत नाही’ सुरू.

मोबाइल लागत नसेल तर आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना पुढे ० लावावा लागतो. घरातल्या मोठ्यांना दहा आकडी नंबर पाठ असतात आणि फोनच्या स्पीड डायलमध्येही ते जुन्याच पद्धतीने भरलेले असतात, त्यामुळे ही तक्रार अजूनही येते. स्पीड डायल नव्याने भरा. स्थानिक लँडलाइन लागत नसेल तर एकदा ०२२ (मुंबई-ठाण्याचा एसटीडी कोड) सकट लावून पाहा. नंबर दाबल्यावर चार-पाच सेकंद काहीच होत नाही आणि मग लागतो, हा दोष नाही. आणखी आकडे येतात का याची डबा वाट बघत असतो. शेवटी # दाबलं की बऱ्याच डब्यांवर फोन लगेच जातो.

डब्यावरचे दिवे

‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर इथेच थांबा. फायबरचा उजेडच येत नाहीये, फोनची वायर बदलून काही होणार नाही. फक्त फायबरची पातळ केबल सोफ्याखाली चेपली किंवा खिळ्याभोवती करकचून वळली नाही ना, एवढं बघा. ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वेटोळं नको. तिचं हिरवं कनेक्टर उपसून शर्टाला पुसू नका आणि त्याच्या टोकात डोळा घालून बघू तर अजिबात नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

इंटरनेट चालू आहे पण फोनचा दिवाच लागलेला नाही, तर बहुतेक वेळा फोन सेवा कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवली गेलेली नसते. अशा वेळी पोर्टवर व्होल्टेज असतं, कानात श्वास ऐकू येतो, पण डायल टोन नसतो किंवा एंगेजसारखा टोन येतो. डबा एकदा बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, पाच मिनिटं थांबा. तरी दिवा लागला नाही तर काम कंपनीचं. दिव्यांचे अर्थ डब्यागणिक बदलतात, म्हणून फोन चालू असतानाच एकदा त्या दिव्यांचा फोटो काढून ठेवावा. पुढे तुलनेला कामी येतो.

स्वतःचा भारी वायफाय राउटर विकत आणून मूळ डबा कपाटात टाकलेल्यांनी एक लक्षात घ्यावं: फोनचं पोर्ट कंपनीच्या डब्यावरच राहणार. बाजारातल्या बहुतेक राउटरना ते नसतंच.

एक फोन, एक वायर, थेट पोर्टला

सगळ्या तपासण्यांत हीच सर्वांत मोलाची, आणि लोक हीच टाळतात कारण डबा टीव्हीच्या मागे अडकलेला असतो. घरातली जुनी वायरिंग, पॅरलल फोन, स्प्लिटर, सगळं डब्यापासून काढा. वायरचा साधा फोन घ्या, कॉर्डलेस नको. तो छोट्या वायरने थेट ओएनटीच्या फोन पोर्टला लावा. तांब्याची लाइन असेल तर घरात बाहेरची तार जिथे पहिल्यांदा येते त्या रोझेटला (भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटच्या डबीला) लावा आणि पुढे जाणाऱ्या तारा सोडवा.

चाललं? म्हणजे दोष घरातल्या वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या फोनमध्ये. नाही चाललं? फोन आणि वायर शेजाऱ्यांच्या चालू लाइनवर लावून बघा. तिथे चालले तर दोष कंपनीच्या बाजूचा. या एका चाचणीने निम्मं घर बाद होतं. ती न करता रोझेट उघडत बसणं म्हणजे पाणी येत नाही म्हणून टाकी न बघता नळ बदलणं.

वायर बदलताना दोन वायरी असतात हे विसरू नका: भिंतीपासून फोनपर्यंतची सपाट, आणि फोनपासून रिसीव्हरपर्यंतची गुंडाळीची. बोलताना वायर हलवली की खरखर होत असेल तर गुंडाळीची गेली. या दोघींची प्लग सारखी दिसतात, पण रिसीव्हरची थोडी अरुंद असते आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये ढिली बसते. सपाट वायरच्या प्लगची प्लास्टिकची क्लिप तुटली असेल तर ती वायर टाकूनच द्या. प्लग अर्धा मिलिमीटर मागे सरकला तरी पिना सुटतात. लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठायची गरज नाही, वायर आणि रोझेट कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात.

आरजे-११, म्हणजे फोनच्या सपाट वायरच्या छोट्या प्लगमधल्या मधल्या दोन पिनांवर लाइन असते, सपाट वायरमध्ये बहुधा लाल आणि हिरवी. बाकीच्या दोन रिकाम्या असतात. स्वस्त वायरीत कधी मधल्या पिनांपर्यंत तांबं पोचलेलंच नसतं, म्हणून नवी वायर म्हणजे चांगली वायर असं धरून चालू नका.

आणि फोनचा प्लग लॅनच्या पोर्टमध्ये खुपसू नका. तो आत जातो, तिथेच घोटाळा होतो. त्याच्या कडांनी लॅन पोर्टच्या पहिल्या आणि आठव्या पिना वाकतात. मग फोनही नाही आणि त्या पोर्टवर नेटही नाही.

फोन एकेक करून वाढवा

थेट चालणाऱ्या फोनला आता दुसरा, मग तिसरा जोडा आणि प्रत्येक वेळी मोबाइलवरून रिंग द्या. जो फोन जोडल्यावर बिघडतं तो दोषी, किंवा मग भार जास्त झाला. एक्सचेंज रिंगसाठी ७५ ते ९० व्होल्ट एसी पाठवायचं. ओएनटीची रिंग बरेचदा त्याहून कमी असते आणि ती मोजक्याच बेल ओढू शकते. जुन्या आयटीआयच्या (सरकारी टेलिफोन कारखान्याच्या) चकतीच्या फोनमधली खरी पितळी घंटा आजच्या इलेक्ट्रॉनिक फोनच्या कित्येक पट वीज खाते. दोन तसे फोन, एक कॉर्डलेस आणि कॉल करणाऱ्याचा नंबर दाखवणारी एक डबी एकत्र लावले की रिंग क्षीण होते. एकाची रिंग बंद करा, बाकीचे वाजू लागतील.

चकतीच्या फोनवर ओएनटीवरून रिंग येते, बोलता येतं, फक्त नंबर फिरवता येत नाही. पल्सचा टोन करणारं यंत्र मिळतं. नाहीतर तो नुसता घेण्यासाठी ठेवा, दिवाणखान्यात शोभतोही. काही फार जुन्या बटणांच्या फोनना तारांची दिशा लागते. ऐकू येतं पण बटणांचा आवाज उमटत नाही, असं असेल तर लाल-हिरवी अदलाबदल करून बघा.

कॉर्डलेसचे सेल १.२ व्होल्टचे, रिचार्ज होणारे असतात. रिमोटचे साधे सेल त्यात घालू नका. बेस त्यांना चार्ज करायला जाईल आणि ते फुगतील.

घरातली जुनी वायरिंग

इथे वेळ द्या, कारण फायबर घेतल्यानंतरचे सर्वांत महागडे घोटाळे इथेच होतात. विचार साधा असतो: हॉलमध्ये डबा, तिन्ही खोल्यांत रोझेट आधीच आहेत, मग डब्यातून एक वायर हॉलच्या रोझेटला दिली की सगळीकडे फोन चालू. कल्पना बरोबर आहे. पण त्या रोझेटला अजून बाहेरची जुनी जोडी लागलेली असते, जी डीपी बॉक्समधून (इमारतीतल्या टेलिफोनच्या तारांच्या पेटीतून) रस्त्याच्या केबलला जाते.

ती जोडी चालू असेल तर दोन एक्सचेंज एकमेकांवर वीज ढकलतात. एकीकडून रिंग आली की दुसऱ्याच्या पोर्टवर जाऊन आदळते आणि ओएनटीचं फोन पोर्ट कायमचं जाऊ शकतं. जोडी बंद असेल तरी बरं नाही. ठाणे खाडीच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेली, पाणी शिरलेली केबल तुमच्या छोट्या डब्याच्या गळ्यात पडते. खरखर, एक रिंग होऊन बंद, आणि विजा चमकताना बाहेरून येणारा झटका, हे सगळं त्या वाटेने आत येतं. एक रिंग होऊन बंद का पडतं? ओल्या जोडांतून थोडी वीज गळते, आणि डब्याला किंवा एक्सचेंजला वाटतं कोणी रिसीव्हर उचलला.

म्हणून पहिलं रोझेट उघडा, बाहेरून येणाऱ्या दोन तारा ओळखा, स्क्रू सैल करून त्या काढा, दोन्हींवर वेगवेगळी टेप गुंडाळा आणि ‘बाहेरची लाइन’ अशी चिठ्ठी लावा. कापून टाकू नका. हे काम रिंग वाजत असताना करू नका, ती वीज मारत नसली तरी चांगला दणका देते.

आता वॉचमनची गोष्ट. नव्या इमारतींत बिल्डरने बहुधा चार तारांची एकच केबल घरात आणलेली असते: एक जोडी टेलिफोनची, दुसरी सोसायटीच्या इंटरकॉमची. रंग निळा-पांढरा आणि नारिंगी-पांढरा असतात, पण कुठला कशाला हे त्या दिवशी काम करणाऱ्याच्या मर्जीवर. रोझेटही दिसायला तेच, प्लगही तोच. म्हणून फोन चुकून इंटरकॉमच्या जोडीला लागला की वॉचमन लागतो. इंटरकॉमच्या जोडीला ओएनटी लावला तर वरच्यासारखाच प्रकार, फक्त समोर एक्सचेंजऐवजी सोसायटीचं ईपीएबीएक्स, म्हणजे इंटरकॉम चालवणारं यंत्र. तिथलं कार्ड जळलं तर एका मजल्याचे इंटरकॉम बंद पडतील आणि पुढची मीटिंग तुमच्यावरच होईल.

तांब्याच्या ब्रॉडबँडच्या काळातला, फोन आणि नेट वेगळं करणारा छोटा पांढरा स्प्लिटर कुठे राहिला असेल तर फायबरवर तो काढून टाका. तिथे त्याचं काम उरलेलं नाही, नुसता एक जादा जोड आहे. तांब्यावरच ब्रॉडबँड असेल तर उलट: प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर हवाच, नाहीतर कानात सूं आवाज आणि रिंग आली की नेट बंद.

रोझेटच्या आत तारांवर हिरवट थर आला असेल तर घासत बसू नका. तेवढा तुकडा कापा, नवीन एक सेंटिमीटर सोला, स्क्रूखाली घड्याळाच्या दिशेने वळवून आवळा. रोझेट गंजलं असेल तर बदला. वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत वायर बाहेरच्या भिंतीवरून, खिडकीच्या सज्जाखालून जाते आणि मधले जोड नुसते पिळून टेप मारलेले असतात. मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, जूनमध्ये आत पाणी साचतं. पावसाळी खरखरीचं मूळ बहुधा असाच एक जोड असतो. तिथे टेपऐवजी आत जेली भरलेलं, पकडीने दाबायचं कनेक्टर वापरा. किंवा सरळ नवीन अखंड वायर ओढा, ती जास्त टिकते. वायर खिडकीबाहेर झुकून किंवा शिडीवर उभं राहून बदलायची असेल तर ते काम स्वतः करू नका.

घरात लॅनची केबल टाकलेली असेल तर त्यातली निळी जोडी फोनला वापरता येते. मात्र त्याच केबलमधून गिगाबिट नेट चालू असेल तर नाही, कारण त्याला चारही जोड्या लागतात.

मल्टिमीटर

स्वस्तातला डिजिटल पुरतो. डीसी २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. आधी डबा न जोडता घरातल्या वायरिंगवर मोजा: शून्य हवं. ४८ च्या आसपास दिसलं तर बाहेरची जोडी अजून चालू आहे. २४ किंवा तसलं काही दिसलं तर बहुधा इंटरकॉम. शून्य आल्याशिवाय डबा जोडू नका.

मग सगळे फोन काढून ओहमवर मोजा. मीटरने रेंजबाहेर दाखवायला हवं. काही किलोओहम दिसले तर ओल, दोन-चार ओहम दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. लांबच्या टोकाला दोन्ही तारा पिळून पुन्हा मोजा: अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याची २० मीटर वायर जाऊन-येऊन साडेतीन ओहमच्या आसपास दाखवते. तीस-चाळीस दिसले, किंवा आकडा नाचत राहिला, तर मध्ये जोड सैल आहे.

शेवटी फोन जोडून पुन्हा डीसी व्होल्ट. ठेवलेला असताना पोर्टवर ४८ च्या जवळपास (डब्यागणिक थोडं कमी-जास्त), उचलल्यावर साधारण ६ ते १०. उचलूनही आकडा हलत नसेल तर फोन किंवा त्याची वायर तुटलेली. सगळे फोन ठेवलेले असताना आठ-नऊच दिसत असेल तर कुठेतरी एक रिसीव्हर उचललेला आहे, किंवा एखाद्या फोनचा हुकचा खटका अडकलाय.

गुंजारवासाठी मीटरची गरज नाही. डबा राउटरच्या यूपीएसवर घ्या आणि यूपीएसचा मेन प्लग काढा. आवाज गेला तर डब्याचं अडॅप्टर खराब. राहिला तर फोनची वायर विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून गेलीय, तिला वेगळी वाट द्या.

वीज गेल्यावर

महावितरणचं शटडाऊन असलं की फोन जाणारच, डब्याला बॅकअप दिला नाही तर. अडॅप्टरवरचे आकडे वाचा, बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनची धन-ऋण खूणही जुळवा. हे करूनही फोन जात असेल तर कंपनीची केबल घरात फायबरने येते की लॅनने ते पाहा. लॅनने येत असेल तर इमारतीतल्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर कंपनीचा आणखी एक डबा आहे आणि त्याची वीज गेलीय. तो कंपनीने किंवा सोसायटीने सांभाळायचा. कॉर्डलेसच्या बेसलाही वीज लागते, म्हणून घरात एक वायरचा फोन असू द्या.

इथे हात आखडता घ्या

कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नाही, आपलाच आवाज परत येतो, एकाच बाजूने ऐकू येतं, फ्लॅश दाबलं की कॉल तुटतो: थेट पोर्टला लावलेल्या दोन वेगळ्या फोनवर हेच होत असेल तर ही डब्याची किंवा सर्व्हरची सेटिंग आहेत. नंबर दाखवायच्या दोन पद्धती आहेत, एफएसके आणि डीटीएमएफ. डबा एक पाठवतो, फोन दुसरीच ओळखतो. कंपनी बाहेरून बदलू शकते. डब्यात शिरून फोनची सेटिंग स्वतः फिरवायला जाऊ नका, नोंदणीचा पासवर्ड पुसला गेला तर डायल टोनही जाईल.

रिंग वाजत नसताना फोनच्या तारेवर टेस्टर पेटला, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. कुठेतरी घरातली वीज त्या तारेत उतरलीय. जिन्यातला डीपी बॉक्स, डक्ट, रस्त्यावरचा पिलर यांना हात लावू नका. तिथल्या सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत शेजाऱ्यांचे फोन आणि लिफ्टमधला आणीबाणीचा फोनही असू शकतो. क्रोनच्या पट्टीत (तिथल्या, तारा दाबून बसवायच्या पट्टीत) स्क्रू ड्रायव्हरने तार कोंबली की तिचे जबडे पसरतात आणि पुढे चांगली तारही धरत नाहीत.

तक्रार नोंदवताना ‘फोन बंद’ एवढंच न सांगता हे सांगा: घरातली सगळी वायरिंग काढून वायरचा एकच फोन थेट पोर्टला लावला, तोच फोन दुसऱ्या लाइनवर चालतो, फोनचा दिवा असा आहे. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. माणूस आला की निघण्याआधी थेट पोर्टवर डायल टोन, एक आलेला आणि एक केलेला कॉल दाखवायला सांगा. रोझेटपुढची वायरिंग बहुधा त्याच्या कामात बसत नाही. त्यासाठी सोसायटीचा इंटरकॉम सांभाळणारा गाठा. कुठली जोडी कुठे जाते हे इमारतीत बहुतेक वेळा त्यालाच माहीत असतं.